जनरल वैद्यांचं नाव पूर्ण लिहा : मुंबई उपनगरच्या पालकमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय पालकमंत्री,
मुंबई उपनगर जिल्हा.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या ज्या रस्त्यावरून माझं रोजचं जाणं-येणं आहे, त्याला पत्त्यात सगळे ‘जन. ए. के. वैद्य मार्ग’ लिहितात. माझ्याकडे शिकवणीला येणारी सहावीतली मुलगी परवा वहीवर पत्ता घालता घालता थांबली आणि म्हणाली, “बाई, हे वैद्य आयुर्वेदाचे डॉक्टर होते का?” तिला काय बोलणार? ‘जन.’ म्हणजे जनरल हे तिने ओळखावं तरी कशावरून!

अरुणकुमार श्रीधर वैद्य, जन्म १९२६, अलिबाग. गेटवेवरून लाँच पकडून आपण सुट्टीला जातो, तेच अलिबाग.

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणच्या बाजूला वैद्य तेव्हा लेफ्टनंट कर्नल, ‘डेक्कन हॉर्स’ या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे प्रमुख. समोरून आले ते पाकिस्तानचे नवे अमेरिकी पॅटन रणगाडे. वैद्यांच्या हाताशी दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. असल उत्तर गावाजवळ आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडून चिखल केला, रणगाडे उसात दडवले आणि पॅटन अगदी जवळ येईपर्यंत तोफा गप्प ठेवल्या. उसाच्या आड, समोरच्या इंजिनांची घरघर वाढत असताना हूं की चूं न करता बसायचं, याला काय काळीज लागत असेल! त्या लढाईत पॅटनची पार वाताहत झाली आणि वैद्यांना महावीर चक्र, म्हणजे युद्धातल्या शौर्यासाठीचा परमवीर चक्राखालोखालचा सन्मान मिळाला.

१९७१ च्या युद्धात ते ब्रिगेडियर होते. शकरगढच्या आघाडीवर सुरुंगांनी भरलेल्या पट्ट्यातून त्यांनी रणगाडे पार नेले. बसंतरच्या लढाईत २१ व्या वर्षी परमवीर ठरलेले अरुण खेत्रपाल वैद्यांच्याच ब्रिगेडमधले. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. हा मान दोनदा मिळालेले अगदी मोजकेच.

१९८३ ते ८६ ते लष्करप्रमुख होते. सियाचिन हिमनदीवरची मोहीम आणि अमृतसरच्या सुवर्णमंदिरातली ‘ब्लू स्टार’ कारवाई, दोन्ही १९८४ मधलं, त्यांच्याच काळातलं. निवृत्त होऊन ते पुण्यात राहायला आले. जेमतेम सहा महिने झाले असतील. १० ऑगस्ट १९८६ रोजी बाजारातून घरी परतत होते, गाडी स्वतःच चालवत होते, शेजारी पत्नी भानुमतीबाई. ब्लू स्टारचा सूड म्हणून मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी गोळ्या झाडून त्यांचा जीव घेतला. बाईही जखमी झाल्या. उभी हयात फौजेत घालवलेल्या माणसाला घर लाभलं ते एवढंच.

ज्यांना वैद्य आठवतात, त्यांनाही बहुतेक हा शेवटच आठवतो. मला ते फार लागतं. उसातले शर्मन कुणाला ठाऊकच नाहीत.

मागणं मोठं नाही. पुतळा नको, सुशोभीकरण तर नकोच. दिंडोशीच्या टोकाला, फुटपाथवरून चालणाऱ्याला वाचता येईल इतक्या उंचीवर एक मराठी फलक लावा. त्यावर पूर्ण नाव, अलिबाग, १९६५, १९७१, दोन महावीर चक्रं. आणि नावाच्या पाट्यांवर ‘जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग’ असं सबंध लिहा. येत्या १० ऑगस्टच्या आत हे होऊ शकतं. मजकूर हवा असेल तर मी लिहून आणून देते. फक्त भेटीची वेळ कळवावी.

आपली,
गोरेगावातली एक शिक्षिका