पाळकाच्या पवित्र जीवनाची काळजी मंडळीनेही घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत असो की नवापूर-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक, म्हणजे धर्मगुरू, नेमताना मंडळीचे कारभारी पंच विचारतात ते साधारण असे: उपदेश कसा करतो, गातो का, तरुणांना धरून ठेवील का. बायबलमधल्या 1 तीमथ्य 3 च्या पहिल्या सात वचनांत अध्यक्षाचे, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्याचे, जे गुण सांगितले आहेत, त्यांत शिकवण्याची हातोटी एवढीच गोष्ट कौशल्याची आहे. बाकी सारे वागणुकीचे: घर, दारू, राग, पैसा, बाहेरच्यांत असलेले नाव. त्याविषयी नेमणुकीच्या वेळी कोणी विचारत नाही आणि नंतरही नाही. पवित्रीकरण, म्हणजे जीवन पवित्र होत जाणे, देवाच्या कृपेने होते हे खरे, पण इब्री 12:14 त्यासाठी झटायला सांगते. ते झटणे रोजच्या दिनक्रमात कुठे बसवायचे, याविषयी लिहितो.

घसरण बहुधा शास्त्रवाचनात, म्हणजे बायबल वाचण्यात, सुरू होते आणि बाहेरून ती दिसत नाही. रविवारच्या उपदेशासाठी एक उतारा, घरसभेसाठी दुसरा, अंत्यविधीसाठी तिसरा. शास्त्र रोज हातात असते, पण वाचताना डोळ्यांसमोर श्रोते असतात. ‘हे वचन अमक्या कुटुंबाला सांगायला हवे’ असे मनात आले की ते आपल्याला लागायचे राहून जाते. म्हणून स्वतःसाठीचे वाचन वेगळे ठेवावे, मोबाइल हातात घेण्याआधी अर्धा तास, आणि त्यातून त्या आठवड्याचा उपदेश काढू नये. स्कॉटलंडमधील डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी आखलेल्या क्रमात रोज चार अध्याय येतात. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. क्रम उत्तम आहे. पण मोटारसायकलवर चार-पाच गावे सांभाळणारा त्यात लवकरच मागे पडतो, बाकी साचते आणि एक दिवस वाचनच सुटते. त्याने रोज एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) एक अध्याय मोठ्याने वाचावा. चार शुभवर्तमानांचे 89 अध्याय तीन महिन्यांत होतात. 119व्या स्तोत्राचे आठ-आठ वचनांचे 22 भाग वेगवेगळ्या दिवशी घेतले, तरी सगळी 150 स्तोत्रे सहा महिन्यांच्या आत होतात. दिवस चुकला तर मागचे भरून काढत बसू नये. आणि पापकबुली मोघम नको: काल कोणावर चिडलो, कशावरून, हे देवासमोर नावानिशी बोलावे.

पैशाचे तर फारच सांभाळावे लागते. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवताना प्रेषित पौलाने तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर आणखी दोन बंधू दिले आणि कोणी दोष लावू नये म्हणून असे करतो, हेही लिहून ठेवले (2 करिंथ 8). आपल्याकडे अर्पण उपासना संपताच तिथेच दोघांनी मोजावे, वहीत आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्या दोघांत पाळक नसावा. काही ठिकाणी क्यूआर कोड पाळकाच्या स्वतःच्या खात्याचा लावलेला असतो. हेतू वाईट नसतो, पण घरखर्च आणि अर्पण एका खात्यात आले की महिनाअखेरीला त्यातून उसने घेतले जाते आणि ‘पुढच्या पगारात भरू’ हे स्वतःलाच खरे वाटू लागते.

पाळक सगळ्यांना विचारतो, त्याला विचारणारे कोणी नसते. तालुक्यातल्या दुसऱ्या मंडळीचा पाळक गाठून दोघांनी महिन्यातून एकदा तासभर बसावे. आपल्या पंचांपैकी कोणी त्यासाठी घेऊ नये. पगार ज्याच्या हातात, त्याच्यासमोर माणूस खरे बोलायला कचरतो. प्रश्न थेट असावेत: रात्री मोबाइलवर काय पाहिले? पत्नीशी, मुलांशी कोणत्या आवाजात बोललो? कोणाशी अबोला आहे? दुसऱ्याच्या मेळाव्याला गर्दी झाली म्हणून पोटात दुखले का? इथले बोलणे बाहेर जाऊ नये. पण स्त्री किंवा मुलाला इजा झाली असेल, तर ते गुपित राहत नाही. तिथे कायद्याकडेच जावे लागते.

उपासाविषयी थोडेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा निर्जळी उपास करून भोवळ आणण्यात भक्ती नाही. मधुमेह असणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच उपास करावा. आणि केलेला उपास व्यासपीठावरून सांगू नये. लूक 18 मधला परुशी (कर्मठ यहुदी) आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि तेच देवाला ऐकवत होता.

पंचांकडे माझी मागणी आहे. पाळकाला आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा द्या, त्या दिवशी निकड नसेल तर फोनही करू नका. पगार ठरल्या तारखेला द्या. थकलेल्या पगारामुळे मोहात पडणारे कमी नाहीत. ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातेत गेली की पाड्यांवरची उपासना विरळ होते, त्या दिवसांत त्याला आठवडाभर प्रार्थनेसाठी आणि विश्रांतीसाठी सोडा. हे सारे नेमणुकीच्या ठरावातच लिहून घ्या. तोंडी ठरलेले नाताळच्या धावपळीत सगळ्यांत आधी मोडते.

आपला,
एक निवृत्त पाळक, नंदुरबार