कहाणीत खून घालायचा तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवायचे दिवस आले की रहस्यकथा स्पर्धांची आवाहनं येतात, आणि हल्ली त्यांत 'सणाच्या जुन्या गोष्टीला काळ्या विनोदाचं वळण द्या' अशी सूचनाही असते. कल्पना उत्तम आहे. पण छापून येतं त्यात बहुधा देव प्रकट होऊन खुनी सांगतो, नाहीतर शेवटी सगळं स्वप्न निघतं. ही वाचकाची सरळ फसवणूक आहे. दुःख याचं वाटतं की आपल्या श्रावणातल्या कहाण्या मुळातच उत्तम रहस्यकथा आहेत.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाची आज्ञा: घरातलं सगळं दूध देवळात आणून घाला, गाभारा भरा. सगळ्या गावाचं दूध पडलं, गाभारा भरला नाही. मुलाबाळांना, वासरांना पाजून एक म्हातारी खुलभर दूध घेऊन आली आणि गाभारा भरला. राजा शोध घेतो, पत्ता लागत नाही. शेवटी स्वतः पाळत ठेवून म्हातारीचा हात धरतो, अभय देतो आणि ती कारण सांगते. कोडं, पहारा, पकडणं, जबाब, उलगडा, सगळं आयतं आहे. लेखकानं फक्त एक प्रश्न विचारायचा: आधीचं दूध गेलं कुठं?

इथं आकडेमोड करावी. गाभारा आठ बाय आठ फूट आणि उंबरठा फूटभर धरला तर ६४ घनफूट, म्हणजे सुमारे १,८०० लिटर दूध, ४० लिटरचे ४५ कॅन. घरटी चार लिटर धरले तर साडेचारशे घरं लागतात. पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर जातं आणि गोमुख उत्तरेला असतं. दोन इंची तोंड असेल तर एवढं दूध वीसेक मिनिटांत वाहून जाईल. लोक दिवसभर रांगेनं येऊन ओतत राहिले तर गाभारा भरणार कसा? पहारा पुढच्या दाराला आणि चोरी भिंतीपलीकडे. पाच लिटरला किलोभर धरला तर ३६० किलो खवा होतो, पण त्यासाठी भट्टी पेटवावी लागते. गावात कुणाच्या घरी थेंबभर दूध उरलेलं नाही आणि एकाच हलवायाच्या धुराड्यातून धूर निघतोय, हा पहिला धागा. म्हातारीच्या दिवशी गोमुख कशानं तुंबलं, तर त्याच हलवायाच्या उपरण्यानं, हा दुसरा. हलवाई कुठं आहे, हे काहीलीत डोकावल्यावर कळावं.

धागा लपवायचा म्हणजे दडवायचा नव्हे. तो तीन-चार कामांच्या यादीत मधोमध ठेवावा: 'पुजाऱ्यानं घंटा पुसली, समईत तेल घातलं, गोमुखाशी अडकलेलं ओलं फडकं ओढून काढलं, बेलाची पानं वेचली आणि कुलूप लावलं.' परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाचकाच्या डोक्यात राहतं, तिथं धागा ठेवू नये. तो कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच यावा. अडीच हजार शब्दांच्या कथेला तीन संशयित, दोन खरे धागे आणि एक चकवा पुरतो. पाच संशयित घातले की नावं लक्षात ठेवण्यातच वाचक दमतो. आणि लिहायला बसण्याआधी खुनाच्या दिवसाचं तासागणिक वेळापत्रक करावं, प्रत्येक पात्र कुठं होतं ते मांडावं. बहुतेक कथा इथंच फसतात, कारण लेखकाला स्वतःलाच खुनी सातव्या पानावर सापडलेला असतो.

शुक्रवारची जिवतीची कहाणी तर याहून काळी आहे. सुईण नवजात मूल पळवून राणीला देते आणि आईपुढं वरवंटा ठेवते. पुढं ती आई हिरवं लुगडं नेसत नाही, हिरव्या बांगड्या भरत नाही, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, तांदुळाचं धुवण ओलांडत नाही. वर्षानुवर्षं पाळलेल्या या चार विचित्र सवयी म्हणजे चार धागेच आहेत. हळदीकुंकवाला हिरवी साडी नाकारणारी एक बाई दाखवा, पुढचं सगळं त्यातून निघतं.

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात नाताळच्या अंकांमधून भुताच्या आणि गूढ गोष्टी छापायची रीत रुजली. तिथल्या नाताळच्या रहस्यकथेत बर्फ दोन कामं करतो: वाडा जगापासून तोडतो आणि पाऊलखुणा जपतो. तो बर्फ नाशिकमध्ये उसना आणायची गरज नाही. पाऊलखुणांना दारातली रांगोळी आहे. तोडायला गोदेचा पूर आहे, आणि घाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती हे त्याचं घड्याळ आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागलं, यावरून अख्खं गाव पूर मोजतं. 'मी तेव्हा पात्रातून चालत पलीकडे गेलो,' असं संशयित म्हणतो, आणि त्या वेळी मारुतीच्या कमरेला पाणी होतं, म्हणजे पात्रातली वाट कधीच बुडाली होती. एवढ्यावर त्याचा बनाव कोसळतो. बंद खोली हवी तर रहाड, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाचा जमिनीतला हौद, आहे. रंगपंचमीला उघडते, लोक तिच्यात धप्पे, म्हणजे उड्या, मारतात, मग लाकडं टाकून मातीनं बुजवली की थेट पुढच्या वर्षी. पुढच्या रंगपंचमीला तिच्यात सांगाडा निघाला, तर खुनाची वेळ शेवटचा धप्पा आणि पहिलं लाकूड यांच्यामध्येच असणार.

तपासाचे तपशीलही चुकू नयेत. संशयास्पद मृत्यूची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते आणि १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२ फक्त त्याआधीच्या गुन्ह्याला. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अंतर्गत अवयवांचे नमुने, सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल त्याच संध्याकाळी येत नाही. तेव्हा नरकचतुर्दशीला पहाटे मेलेल्याचा उलगडा लक्ष्मीपूजनाआधी हवा असेल, तर तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरच व्हायला हवा.

विनोदाबद्दल माझं मत ठाम आहे. तो देवावर किंवा म्हातारीवर करू नये, कारण मूळ कहाणीचा रोखच राजाच्या जुलमी आज्ञेवर आहे. माणसं वसा सोडत नाहीत, यातून हसू यावं. काहीलीत प्रेत आहे आणि सोमवार असल्यामुळे पंचनामा करणारा फौजदार साबुदाण्याची खिचडी मिळेल का विचारतोय. तो हे अगदी गंभीरपणे विचारतो. लेखकानं तिथं डोळा मिचकावला की मजा गेली.

स्पर्धा घेणाऱ्या संपादकांना विनंती अशी. हजार शब्दांची मर्यादा काढून निदान अडीच हजार करा. पाच परीक्षकांना कथा उलगड्याच्या आधी थांबवून वाचायला द्या आणि प्रत्येकाकडून खुन्याचं नाव कारणासह लिहून घ्या. पाचांपैकी एकालाही ओळखता आला नाही तर धागे अपुरे आहेत, पाचही जणांना आला तर चकवा कच्चा आहे. एक-दोघांना आला तर ती कथा छापा.

आपला,
रहस्यकथांचा एक वाचक,
पंचवटी, नाशिक