सदाफुलीच्या पानाची गोष्ट

महोदय,

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशा बातम्या हल्ली वारंवार वाचायला मिळतात. काचेच्या बशीतल्या पेशी मरणे वेगळे आणि रुग्ण बरा होणे वेगळे, हे सदाफुलीकडे पाहिले की कळते. १९५८ मध्ये कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन हे रसायन वेगळे केले. शोध खरे तर मधुमेहावरच्या औषधाचा चालला होता! उंदरांची रक्तशर्करा उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या, आणि त्यातून कर्करोगावरच्या उपचाराची वाट सापडली. पुढे रुग्णांवरच्या चाचण्या झाल्या, मात्रा ठरल्या. पण पान हे रसायन घडवते कसे, त्या साखळीतली हरवलेली विकरे (एन्झाइम्स) वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती लागायला २०१८ उजाडले.

माझ्या भाच्याला याच झाडापासून मिळणारे व्हिनक्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध दिले गेले. नळीतून उतरणारे ते पाण्यासारखे औषध मी तासन्‌तास पाहिले आहे. त्या औषधाने बधिर झालेल्या भाच्याच्या बोटांना शर्टाची बटणेही लावता येत नव्हती. म्हणून कळकळीची विनंती : प्रयोग बशीत झाला, उंदरांवर की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर किती जणांवर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापावे.

– एक नियमित वाचक