शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : बारावीच्या इंग्रजीत एक न शिकवलेली कविता विचारा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बारावी इंग्रजीच्या कृतिपत्रिकेतील कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न.

महोदय, स. न. वि. वि.

इचलकरंजीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला इंग्रजी शिकवतो. दरवर्षी जानेवारी उजाडला की मुलांचा एकच प्रश्न सुरू होतो, ‘सर, यंदा कुठली कविता येणार?’ व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरू लागतात, टेलिग्रामवर ‘शंभर टक्के येणारच’ असे मथळे झळकतात, क्लासवाले ‘आयएमपी’चे कागद वाटतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते ती इंग्रजीच्या पेपरानेच आणि राज्यातल्या नऊ विभागीय मंडळांतून सुमारे १५ लाख मुले त्याला बसतात. त्यातली किती मुले आदल्या रात्री कविता वाचण्याऐवजी अशा याद्या ताडून पाहत असतील, याची कल्पना आपणही करू शकाल.

पाठ्यपुस्तकात कविता आठ आहेत. वॉल्ट व्हिटमन, सरोजिनी नायडू, रॉबर्ट साउदी, एडगर गेस्ट, दिलीप चित्रे, डब्ल्यू. एच. डेव्हिस, बायरन आणि ममंग दाई. निवड चांगली आहे. आमच्या मुलांच्या हाती पडावेत असेच हे कवी आहेत. ८० गुणांच्या लेखी पेपरात कवितेला १४ गुण. त्यातले १० दिलेल्या ओळींवरच्या कृतींना आणि ४ रसग्रहणाला. दोन प्रश्नांना दोन कविता. मुलांचा हिशेब इथून सुरू होतो. ‘लांब कविता येत नाही’, ‘गेल्या वर्षी आलेली यंदा येणार नाही’ अशा नियमांवर ती चार कविता सरळ ऑप्शनला टाकतात. व्हिटमन आणि साउदी बहुधा पहिल्या झटक्यातच जातात. मी वर्गात फळ्यावर गणित मांडून दाखवतो : कविता चिठ्ठ्या टाकून काढल्या, तर दोन्ही प्रश्न तुमच्या चार कवितांतूनच येण्याची शक्यता २८ पैकी ६. मुले मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा यादीच उघडतात. त्यांचे चुकत नाही. गणित, भौतिकशास्त्र, अकाउंट्स अशा ओझ्याखाली असलेल्या मुलाला चार गुणांसाठी आठ कविता कोण वाचायला लावणार?

या अंदाजांना मंडळाच्या पेपराची रचनाच खतपाणी घालते, असे माझे स्पष्ट मत आहे. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले आहेत. कवी आणि शीर्षक, आशय, भाषा आणि अलंकार, कवितेविषयीचे मत, असे एकेक गुणाचे तुकडे. कविताही ठरलेल्या. मग आठ कवितांची आठ तयार उत्तरे बाजारात मिळतात आणि मुले त्यातली निवडक पाठ करतात. उत्तरपत्रिका तपासताना एकच वाक्य नव्या अक्षरात पुन्हा पुन्हा समोर येते : भाषा सोपी, अलंकार समर्पक, संदेश प्रेरणादायी. हे वाक्य आठांपैकी कुठल्याही कवितेखाली खपते. ‘मला ही कविता आवडली, कारण…’ याच्या पुढचे कारणसुद्धा पाठ केलेले असते. त्याला गुण द्यावे लागतात, कारण मुद्दा तर आलेला असतो.

एक अनुभव सांगतो. नायडूंच्या कवितेत विणकर तीन वेळा विणताना दिसतात. पहाटे नवजात बाळाचे निळे वस्त्र, सांजवेळी नववधूचा जांभळा-हिरवा शेला, आणि चांदण्या रात्री मृताचे पांढरे कफन. तिसऱ्या कडव्यात विणकर गंभीर आणि निश्चल आहेत. ते असे का, असे मी वर्गात विचारले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ती म्हणाली, ‘रात्रपाळीला कोण बोलत नाही सर. मागांच्या आवाजात ऐकूच येत नाही. पप्पा घरी आल्यावर पण बराच वेळ गप्प असतात.’ वर्ग शांत झाला. नायडूंनी हातमागाचे विणकर पाहिले होते, ही पोर यंत्रमागाच्या घरातली. तरीही त्या मौनाचा असा अर्थ मला कुठल्याच गाइडमध्ये सापडला नसता. पूर्वपरीक्षेत हीच कविता रसग्रहणाला घातली. तिने उत्तर लिहिले : भाषा सोपी, अलंकार समर्पक, संदेश प्रेरणादायी. मी विचारले, ‘वर्गात बोललीस ते का नाही लिहिलंस?’ तर म्हणाली, ‘ते लिहून मार्क मिळतात का सर?’

महोदय, या प्रश्नाचे उत्तर ‘मिळतात’ असे मला छातीठोकपणे देता यावे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझी मागणी साधी आहे. रसग्रहणाचे चार गुण अपठित कवितेला द्या. आठ-दहा ओळींची, सोप्या इंग्रजीतली, मुलांनी आधी न पाहिलेली कविता छापा, अवघड शब्दांचे अर्थ खाली द्या, आणि मुलांना ती वाचून लिहू द्या. इंग्रजीत लिहिणारे भारतीय कवी थोडे नाहीत, साहित्य कमी पडणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या कवितांवर १० गुणांच्या कृती आहेत तशाच राहू द्या. गद्यात आपण अपठित उतारा देतोच आणि मुले तो सोडवतातही. मग कवितेतच न वाचलेल्याची एवढी भीती का?

आयर्लंडच्या लीव्हिंग सर्टिफिकेट या शालेय शिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे उदाहरण बोलके आहे. तिथे इंग्रजीच्या वरच्या स्तराला आठ कवी नेमलेले असतात, पेपरात त्यातले चार येतात आणि एकावर लिहायचे असते. पाच कवी तयार केले की एक तरी हमखास येतो. तरीही जूनमधल्या परीक्षेआधी कोणते कवी येणार याचे अंदाज तिथेही बांधले जातातच, कारण पाचांचेही दोन-तीन करता आले तर मुलांना हवेच असतात. म्हणजे यादी ठरलेली असेल तिथे अंदाज येणारच. फरक एवढाच की त्याच पेपरात २० गुणांची एक अपठित कविताही असते आणि तिचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. इंग्लंडच्या जीसीएसईतही (आपल्या दहावीसारख्या परीक्षेत) इंग्रजी साहित्याला अपठित कविता असते.

ग्रामीण भागातल्या मुलांना हे जड जाईल, असे माझेच काही सहकारी म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे, पण आजची पद्धत त्या मुलांवर जास्त अन्याय करते. शहरातल्या क्लासच्या मुलाकडे आठही उत्तरे तयार असतात. शिरोळ-शाहूवाडीच्या पोराकडे असते ती मित्राने पुढे ढकललेली यादी, आणि ती चुकली की त्याचे चार गुण जातात. न वाचलेल्या कवितेसमोर दोघेही सारखेच नवे असतील. शिवाय ही मुले दहावीला मराठीत रसग्रहण लिहूनच आलेली असतात. चाल त्यांच्या ओळखीची आहे.

२१ फेब्रुवारी २०२३ चा इंग्रजीचा पेपर आपल्या खात्याच्या लक्षात असेलच. कवितेच्या प्रश्नात तीन कृतींच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि उत्तर छापले गेले. मंडळाने नंतर ६ गुण दिले, ते योग्यच झाले. पण त्या तिन्हींत मुलाला स्वतःचे मत विचारणारी आणि स्वतः ओळी रचायला सांगणारी कृती होती. ज्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि ज्यांची उत्तरे पाठ करता येत नाहीत, नेमक्या त्याच जागा आमच्या हातून निसटल्या. त्या वर्षी वर्गात कविता रचण्याचा सराव मनापासून केलेली मुले पेपरानंतर माझ्याकडे येऊन रडली होती. गुण गेल्याचे त्यांना दुःख नव्हते. लिहायला मिळाले नाही, याचे होते.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे आणि बारावीची पाळी अजून यायची आहे. बदल करायचा तर हीच वेळ. नमुना कृतिपत्रिका जूनमध्ये, कॉलेज सुरू होतानाच जाहीर करा, दिवाळीनंतर नको. परीक्षकांच्या सूचनांत एक ओळ घाला : मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले, मुद्द्यांच्या चौकटीत न बसणारे पण कवितेला धरून असलेले उत्तर पूर्ण गुणांस पात्र आहे. आणि शिक्षकांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण ठेवा. त्यात व्याख्याने नकोत, प्रत्यक्ष उत्तरपत्रिका समोर ठेवून गुण कसे द्यायचे ते दाखवा.

नमुन्यासाठी कविता निवडण्याचे काम मंडळ सांगेल तेव्हा, विनामानधन करायला मी आणि आमच्या परिसरातले काही इंग्रजीचे शिक्षक तयार आहोत. आपण वेळ दिलात तर मुलांच्या उत्तरांच्या प्रती, नावे झाकून, घेऊन येईन.

कळावे,
आपला नम्र,
इंग्रजीचा एक शिक्षक,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर.