सर, त्या ड्युटीच्या रोस्टरसाठी थँक्यू

मॅनेजर सर, असलं पत्रबित्र तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण व्हॉट्सॅपवर लिहिलं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे व्हाल, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

हॉटेल लाइनमधली ब्रेक शिफ्ट बाहेरच्यांना सांगून कळत नाही. सकाळी अकरा ते चार, परत सात ते बारा, मधे ना धड झोप ना धड घर, आणि क्लोजिंग करून खोलीवर यायला दीड वाजतो तरी डोक्यात किचनमध्ये ऑर्डरच्या चिठ्ठ्या काढणाऱ्या केओटी प्रिंटरची करकर चालूच. माझी झोप पार उडालेली, स्टाफ मीलचं ताट तसंच ठेवून मी पासवर, म्हणजे किचनमधून ताटं बाहेर येतात त्या काउंटरवर, जाऊन उभा राहायचो, ते बाकी कुणाला दिसलं नाही. तुम्ही मागच्या जिन्यात बोलावलंत आणि "टेन्शन काय आहे" वगैरे नाही, "दोन दिवस जेवला का नाहीस रे" एवढंच विचारलंत. मग मी सगळंच बोलून टाकलं.

लेक्चर नाही दिलंत. सोमवारपासून सरळ शिफ्ट लावलीत आणि "आज ये, नंतर घे" करत बुडणारी सुट्टी पक्की केलीत. शेठ कुरकुरले तेव्हा म्हणालात, सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आहे, आपण काय मेहेरबानी करत नाही.

टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 पण तुम्हीच लावून फोन माझ्या हातात दिलात. मला वाटलं सरकारी म्हणजे एक दाबा, दोन दाबा, पण मराठीत बोलता येतं, फुकट आहे आणि 24 तास चालू, आमच्या लाइनला तर रात्रीच वेळ मिळतो. पुढे ओपीडीला गेलो त्या दिवशी पोरांना "गावाला काम निघालंय त्याचं" इतकंच सांगितलंत. हे सगळ्यात भारी, कारण किचनमध्ये एकदा "मेंटल" नाव पडलं की नोकरी सुटते पण नाव सुटत नाही.

आणि हो, तो पिऊन आलेला गिऱ्हाईक नवीन स्टुअर्डला, म्हणजे वेटर पोराला, आईवरून बोलला तेव्हा तुम्ही स्वतः बिल नेऊन टेबलावर ठेवलंत, "निघा आता" म्हणालात, आणि पोराला स्टोअरमध्ये बसवून त्याची टेबलं स्वतः केलीत. असा मॅनेजर मी परत बघितला नाही.

आता दुसरीकडे कॅप्टन आहे, रोस्टर मीच लिहितो. ब्रेक शिफ्ट बंद नाही करता आली, पण एकाच पोराच्या माथी सारखी मारत नाही. वहिनींना घेऊन जेवायला या एकदा, बिल माझ्याकडे, टीप मात्र पोरांच्या डब्यात टाकायची हं.