गोठलेल्या ढगातली वाफ

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू विचारलंस की उणे अडीचशे डिग्रीच्या खाली बर्फातून रेणू उडतातच कसे, आणि तेवढ्यात तुझी लोकल आली, म्हणून आता निवांत लिहितोय, कारण हा विषय दोन वाक्यांत उरकावा असं मला खरंच वाटत नाही.

हे बघ, तारे जिथे जन्मतात त्या गॅस-धुळीच्या ढगांच्या पोटात तापमान असतं 10 केल्विनच्या, म्हणजे उणे 263 डिग्रीच्या आसपास. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओचा रेणू धुळीच्या कणाला नुसता टेकला तरी चिकटून बसतो, त्याचाच बर्फ होतो. दाट भागात हे लाखभर वर्षं चाललं तर जवळपास सगळा सीओ गोठून जायला पाहिजे. पण रेडिओ दुर्बिणींना तिथे तो गॅसरूपात दिसतो! मग त्याला परत सोडवतं कोण? उष्णता तर नाही, सीओला उडायला निदान 20 केल्विन तरी लागतात. एक मोठा वाटा आहे अल्ट्राव्हायोलेटचा. हायड्रोजनच्या 121.6 नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, 10.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते आणि सीओला बर्फावरून सुटायला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी पुरते.

तरी प्रत्येक फोटॉनला रेणू उडत नाही हं. 2007 मध्ये नेदरलँड्सच्या लायडनला कारिन ओबर्ग आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली स्टीलची टाकी, आत सोन्याचा थंडगार पृष्ठभाग, त्यावर सीओ गॅस सोडून जमवलेले बर्फाचे मोजके थर, समोर हायड्रोजनचा दिवा, आणि किती बर्फ उरला ते इन्फ्रारेडने बघत राहायचं. 15 केल्विनला हजार फोटॉनमागे सुटले साधारण तीन रेणू!

आणि गंमत म्हणजे फोटॉन गिळणारा रेणू एक आणि उडणारा दुसराच. पॅरिसजवळच्या सोलेई सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे हव्या त्या तरंगलांबीचा प्रखर प्रकाश देणाऱ्या यंत्रावर, सीओच्या बर्फावर नायट्रोजनचा पातळ थर देऊन बघितलं. नायट्रोजन ज्या तरंगलांबीला दादच देत नाही, तिथेही तो उडाला, कारण प्रकाश शोषला खालच्या सीओने आणि धक्का पोचला वरच्या नायट्रोजनला. कॅरममध्ये स्ट्रायकर एका सोंगटीला लागतो आणि तिला चिकटलेली पुढची सोंगटी पॉकेटमध्ये जाते ना, तसंच. हे वाचलं तेव्हा मी दिवसभर त्याच नादात होतो.

आता तू म्हणशील, ढगाच्या पोटात अल्ट्राव्हायोलेट आलंच कुठून, ताऱ्यांचा उजेड तर बाहेरची धूळच अडवते. बरोबर! त्याचं उत्तर 1983 मध्ये प्रसाद आणि तराफदार यांनी दिलं, आणि यातले तराफदार आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले, याचा मला फार अभिमान वाटतो. कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, ढगात आरपार घुसतात, हायड्रोजनच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या हायड्रोजन रेणूंना चेतवतात आणि ते रेणू शांत होताना अल्ट्राव्हायोलेट सोडतात. म्हणजे बाहेरून थेंबभर उजेड आला नाही तरी ढग आतून स्वतःचा उजेड तयार करतो. अगदी क्षीण, पण वेळ भरपूर आहे.

2012 मध्ये हर्शेल दुर्बिणीला वृषभेतल्या एल1544 या गारठलेल्या ढगाच्या गाभ्यात पाण्याची वाफ सापडली, आपल्या पृथ्वीवरच्या महासागरांच्या दोन हजार पट. तारा अजून जन्मलेलाच नाही, तापवणारं कुणी नाही, तरी वाफ! तिचं कारण म्हणून याच आतल्या अल्ट्राव्हायोलेटकडे बोट दाखवलं गेलं.

मिथेनॉलचं मात्र कोडं आहे बघ. त्याच्या बर्फावर हाच प्रकाश टाकला तर रेणू बहुतेक करून फुटतो आणि तुकडेच बाहेर येतात, अख्खा रेणू लाख फोटॉनमागे एखादा सुटला तर सुटला. आणि तरी 2016 मध्ये आल्मा दुर्बिणीला टीडब्ल्यू हायड्री या तरुण ताऱ्याभोवतीच्या गॅस-धुळीच्या तबकडीत मिथेनॉल गॅसरूपात दिसलंच. मला वाटतं नुसत्या प्रकाशाने हे भागत नसावं, कणावर रेणू बनताना जी ऊर्जा सुटते तिचाही हात असणार. तू केमिस्ट्रीवाला, तुला काय वाटतं ते सविस्तर लिही, फोनवर नको.

तुझा,
सुध्या