पाच वाजेपर्यंत अड्ड्यावर

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा एफडी मोडायचा विषय काढलात. धाकटा शेजारीच बसला होता, म्हणून मी धड बोललो नाही. आता लिहूनच कळवतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आईला वाचून दाखवायला लावू नका. ती पावती कपाटात आहे तिथंच राहू द्या. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू आणि आईचा गुडघा, या दोन गोष्टी मार्गी लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. नोकरी गेली तरी आमचं भागतंय. कसं ते खाली लिहितो, आणि तुम्ही हाडाचे मास्तर, हिशेब दिल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही, म्हणून हिशेबही देतो.

शेवटचा मूळ पगार २०,८०० धरायचा, त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं. एका वर्षाचे १२,००० होतात. चौदा वर्षांचे १,६८,०००. ही माझी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीनं द्यायची रक्कम. कायद्यानं तीस दिवसांत मिळायला हवी होती, अजून मिळालेली नाही. कामगार कार्यालयात अर्ज दिलाय, उशिराचं व्याजही मागितलंय. गंमत म्हणजे हा ग्रॅच्युइटीचा मूळ कायदा १९७२ सालचा. बहात्तर म्हटलं की आपल्या घरात दुसरंच काही आठवतं, त्याविषयी पुढं लिहिणारच आहे.

कंपनीचं काय झालं ते तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, पण का झालं ते आईला नीट कळलं नव्हतं. आई, आम्ही बनवायचो तो भाग लहान डिझेल इंजिनांना लागायचा. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नवे नियम लागू झाले, बीएस-६ म्हणतात ते. लहान डिझेल गाड्या त्या नियमांत बसवणं महाग पडायला लागलं, तशा मोठ्या कंपन्यांनी त्या बनवणंच सोडलं. आमच्या ऑर्डरी दर वर्षी थोड्या थोड्या आटत गेल्या, आणि एक दिवस ती लाइनच बंद झाली. कोणाचा शाप नाही, कोणाची नजर नाही, आणि देवाची शिक्षा तर नाहीच नाही.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. इकडच्या एका प्रार्थनासभेत एका भावानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "दशांश नियमित देत होता का?" म्हणजे दहा टक्के चुकले म्हणून देवानं शंभर टक्के काढून घेतले. सावकारी म्हणतात याला. मी काही बोललो नाही, पण तुमची सून बोलली. काय बोलली ते तिच्याच तोंडून ऐका, मी लिहिलं तर पत्र जप्त होईल.

दुसरा प्रकार मोबाईलवरचा. रोज सकाळी कोणी ना कोणी फुलांच्या चित्रावर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं तेच वचन पाठवायचं, अध्याय एकोणतीस, ओवी अकरा: देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो आशा देणार आहे. बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणापासून शिकवलंत की एक ओवी वाचायची तर मागच्या चार आणि पुढच्या चार वाचायच्या. म्हणून मागची, दहावी ओवी काढली. तिथं लिहिलंय सत्तर वर्षं. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मया कळवतोय की सुटका होईल, पण सत्तर वर्षांनी, तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याचंही भलं मागा. फुलांच्या चित्रावर हे कोणी छापत नाही. मला मात्र त्या अकराव्या ओवीपेक्षा ही दहावीच जवळची वाटली. येत्या सोमवारी फोन वाजेल असलं आश्वासन त्यात नाही, म्हणून सोमवारी फोन वाजला नाही तरी ती खोटी पडत नाही.

पण मला खरा आधार मिळाला तो तुमच्या एका जुन्या गोष्टीतून, आणि तो मिळाला डांगे चौकात.

थोरलीचा सकाळचा क्लास तिकडं असतो. तिला सोडून परतताना रोज मजूर अड्ड्यावरून यावं लागतं. सातच्या सुमाराला दोन-तीनशे माणसं तरी उभी असतील. कोणाकडं थापी-ओळंबा, कोणाकडं बादलीत रंगाचे ब्रश, काहींकडं नुसती डब्याची पिशवी. टेम्पो थांबला की गराडा पडतो, ठेकेदार बोटानं दाखवतो, तू, तू आणि तू. नऊ वाजेपर्यंत तरणी पोरं संपतात. दहानंतर जे उरतात त्यांच्याकडं पाहायला लागलो तसं एक लक्षात आलं. त्यातल्या पुष्कळांचे केस काळेकुळकुळीत असतात आणि मुळाशी बोटभर पांढरे. ठेकेदारानं म्हातारा समजून वगळू नये म्हणून रंगवलेले. आदल्याच आठवड्यात एका नोकरी लावून देणाऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं, "बायोडाटातून जन्मतारीख काढा सर, सेहेचाळीस दिसलं की पुढं वाचत नाहीत."

त्या दिवशी तिथंच गाडी बाजूला लावली आणि मत्तयाचा विसावा अध्याय आठवला, येशूनं सांगितलेला मजुरांचा दाखला. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला जातो आणि शेवटी पाचला पुन्हा बाजारात येतो. तिथं अजून काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. हे उत्तर मी शंभरदा ऐकलं असेल. त्यात आळस नाही, कामचुकारपणा नाही, नुसतं कोणी लावलं नाही एवढंच आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं. मग तुमची बहात्तरची गोष्ट आठवली.

आई, तुला पाठ असेल, पण मुलांना मी ती आता सांगितली, म्हणून इथंही लिहितो. दुष्काळात आबा आणि आजी खडी फोडायला जायचे. मजुरी मापावर, ब्रासवर. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, फोडा आणि रचा, मग मुकादम फीत लावणार. आबांचा ढीग सगळ्यात मोठा. आजी नुकतीच बाळंतीण, धाकटे काका ओटीत, तिचा ढीग गुडघ्याएवढाही व्हायचा नाही. बाबा, तुम्ही बारा वर्षांचे, शाळा सुटली की तिच्या ढिगावर जाऊन हातोडा धरायचात. मापाला दया नसते, जेवढा ढीग तेवढा पैसा. वर तांबड्या मिलोच्या भाकरी आणि पोरांना सुकडी. अशाच एका रविवारी देवळात नेमका हा दाखला वाचला गेला आणि आबा बाहेर आल्यावर तणतणले, "हा कसला मालक? सकाळपासून घाम गाळणाऱ्याला तेवढंच आणि संध्याकाळी आलेल्याला पण तेवढंच?" त्यावर आजी म्हणाली, "पाचला आलेल्याच्या घरी बी तेवढीच तोंडं असत्यात."

या दाखल्यावर मी बरीच प्रवचनं ऐकलीत. आजीच्या त्या एका वाक्याच्या जवळ जाईल असं एकही आठवत नाही. ती चौथीपर्यंतसुद्धा शिकलेली नव्हती.

बाबा, लोक आपल्याला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. दुष्काळातले ख्रिस्ती. मिशनच्या धान्यासाठी बाटलेले. शाळेत मलाही म्हणाले आहेत. नगर जिल्ह्यात १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या हे खोटं नाही, पणजोबा त्याच लाटेतले. पूर्वी या बोलण्याची लाज वाटायची, आता वाटत नाही. भुकेल्याला कोणी जेवू घातलं आणि तो त्याच पंगतीत बसून राहिला, यात पणजोबांचं काय चुकलं? ज्यांनी त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्यांनीच बाटलेले म्हणून हिणवावं, हे त्याहून मोठं नवल. असो. हे तुम्ही कोणाला वाचून दाखवू नका.

नोकरी मिळाल्यावर विश्वास बळकट झाला अशा साक्षी आपण देवळात ऐकतो. माझ्याकडं तशी साक्ष नाही, कारण तशी नोकरी अजून मिळालेली नाही. मात्र त्या सकाळपासून एक भीती गेली. आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, ही ती भीती. तुम्ही पाहिलंय, मी मध्ये उपासनेला जाणं टाळत होतो, कारण बाहेर पडताना पायऱ्यांवर प्रत्येक जण विचारायचा, "मग, कुठं लागलं का?" आता जातो. कोणी विचारलं तर सांगतो, "नाही लागलं, प्रार्थना करा आणि ओळखीत काही असेल तर तेही सांगा." या दुसऱ्या अर्ध्याचा उपयोग झाला. मंडळीतल्याच एका भावाच्या ओळखीनं भोसरीत पार्ट तपासणीचं काम मिळालं. कंपन्या माल तपासायला बाहेरची माणसं घेतात, त्यातलं. दिवसाचे ८०० रुपये, काम असेल त्या दिवशी. हातात मापाचं व्हर्नियर आहे, डोक्यावर लाइट आहे, समोर पार्टचे क्रेट. काम तेच आहे जे मी चौदा वर्षं केलं, फक्त आता माझ्या हाताखाली कोणी नाही. खरं सांगू का, झोप बरी लागते.

बाकी हिशेब असा. घरभाडं ९,०००. सूनबाई शिकवण्या घेते, त्यात भाडं निघून थोडं उरतं. रोजंदारीत किराणा, गॅस, थोरलीचा क्लास. धाकट्याची फी दोन हप्त्यांत करून घेतली. गाडी विकायला काढलीय, दुचाकीवर होतं सगळं. तुम्हाला महिन्याला पाठवायचो ते पाठवता येत नाही याचं मात्र वाईट वाटतं, आणि त्यावर "आम्हाला कशाला लागतंय" हे आईचं बोलणं मी मानत नाही.

गेल्या रविवारी इथं हंगामाचा सण झाला. शहरातल्या मंडळीचा हंगाम कसला, तरी वेदीपुढं भोपळे, केळीचे घड, उसाच्या मोळ्या, कोणाच्या घरचा केक, एक टोपलीतली कोंबडी, सगळं होतं. सूनबाई म्हणाली, यंदा आपण काय न्यायचं? मला तुमचं सांगणं आठवलं, बहात्तरला सणाच्या दिवशी आजीनं वाटीभर सुकडी नेऊन ठेवली होती, आणि अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावात बोली लावायला कोणाकडं पैसाच नव्हता, तेव्हा पाळकसाहेबांनी सगळं पोरांत वाटून टाकलं होतं. आम्ही भोसरीच्या पहिल्या दिवसाच्या ८०० मधले ४०० पाकिटात घातले. उरलेल्या ४०० चं तेल आणि तूरडाळ आणली. पूर्ण दिलं असतं तर अधिक शोभलं असतं, पण डाळ संपली होती. लिलावात ती कोंबडी तीन जणांनी विकत घेतली आणि तिघांनी परत दान केली, शेवटी दोन हजारांच्या वर गेली. धाकट्याला अजून कळत नाही की ती नक्की कोणाची.

आता ऑपरेशनचं. रोजंदारीचा एक फायदा आहे, रजा मागावी लागत नाही, त्या दिवसाचा पैसा फक्त बुडतो. पहिल्या डोळ्याच्या वेळी मला शिफ्ट सोडून येता आलं नव्हतं आणि आई एकटी रिक्षानं तुम्हाला घेऊन गेली. या वेळी मी आदल्या संध्याकाळी एसटीनं येतो आणि आठवडाभर राहतो. डोळ्यात थेंब घालायचं काम माझं. आई, तू बाबांना खाली वाकू देऊ नकोस आणि डोक्यावरून आंघोळ करू देऊ नकोस, ते ऐकणार नाहीत हे धरूनच चाल. शुगर आणि बीपीचे कागद एका पिशवीत काढून ठेव. मागच्या वेळी चष्म्याच्या घरात सापडले होते.

आणि बाबा, येताना मला आबांच्या त्या खडीच्या कामाबद्दल आणखी विचारायचंय. ब्रासला किती पैसे मिळायचे, मुकादम कोणत्या गावचा, आजीच्या ढिगावर तुमच्याबरोबर आणखी कोण बसायचं. थोरली लिहून घेणार आहे म्हणते.

सगळ्यांना सलाम.

तुमचा
थोरला

ता. क. ज्वारी कोणाबरोबर पाठवू नका, मी येतोच आहे. परतताना नेईन.